डावऱ्या हाताच्या कॉटनबाई

अमेरिकेच्या लोकसंगीतात एलिझाबेथ कॉटन ह्या कृष्णवर्णीय बाईंचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचे चरित्र आमच्या वाचकांस, विशेषतः भगिनींस, आवडेल अशी आशा आहे.

त्यांचा जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपेल हिल गावाजवळ १८९३ साली झाला. भाऊ घरी नसताना त्याचा बँजो त्या गुपचूप वाजवीत. पुढे लहान वयातच लोकांच्या घरी कामे करून त्यांनी ३ डॉलर ७५ सेंटची गिटार विकत घेतली. पण बाई पडल्या डावऱ्या आणि शिकवायला कोणी नाही. त्यांनी तारा होत्या तशाच ठेवल्या आणि गिटार उलटी धरली.

उजव्या हाताचा वादक अंगठ्याने वरच्या जाड तारांवर खर्जाचा ठेका धरतो व बोटांनी खालच्या बारीक तारांवर चाल वाजवतो. कॉटनबाईंच्या हाती बारीक तारा वर आल्या व जाड तारा खाली गेल्या. साहजिकच चाल अंगठ्याकडे आली आणि ठेका बोटांकडे गेला. अंगठ्याच्या जोरामुळे चालीचा स्वर ठसठशीत उमटे आणि बोटांचा ठेका आगगाडीच्या चाकांसारखा एकसारखा चाले. त्यामुळे आवाज चढवण्याची त्यांना गरजच नसे. निम्मे गाणे गिटारच म्हणे. 'फ्रेट ट्रेन' म्हणजे मालगाडी, हे त्यांचे प्रसिद्ध गाणे त्यांनी ११-१२ वर्षांच्या वयात रचले.

१९१० साली लग्न झाले. असली गाणी सोडा, असे चर्चमधील मंडळींनी सांगितले आणि गिटार कित्येक वर्षे सुटली. १९४० नंतरच्या दशकात वॉशिंग्टनच्या एका दुकानात नोकरीस असताना त्यांनी एका चुकलेल्या मुलीस आईच्या स्वाधीन केले. ही आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. पुढे कॉटनबाई सीगरांच्या घरी कामाला लागल्या. घर गाण्याबजावण्याचे, तिथली गिटार त्यांनी हाती घेतली. हात काहीच विसरले नव्हते!

त्या घरातील माईक सीगर ह्यांनी त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. १९५८ साली, वयाच्या ६५व्या वर्षी, त्यांची पहिली तबकडी निघाली. त्याआधी १९५७ साली 'फ्रेट ट्रेन' इंग्लंडात गाजले होते, पण रचनाकार म्हणून नावे दुसऱ्यांची होती. पुढे तडजोड होऊन त्यांना श्रेयाचा काही वाटा मिळाला. गाण्यावर परक्यांची नावे लागली, तरी वाजवण्याची ती रीत मात्र आजही 'कॉटन पिकिंग' म्हणूनच ओळखली जाते.

१९८५ साली त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २९ जून १९८७ रोजी सिरॅक्यूज येथे त्या निवर्तल्या.

संसाराच्या धबडग्यात ज्या भगिनींची पेटी किंवा गाणे मागे पडले असेल, त्यांनी ह्या बाईंची आठवण ठेवावी आणि एकदा सुरांवर हात ठेवून पाहावा, एवढेच आमचे सांगणे.