अबू झैद अल-बल्खी : वसवशाला आजार म्हणणारे आलिम

वुजू करून उठायचं आणि लगेच मनात यायचं की कोपर कोरडंच राहिलं. परत बसायचं, परत धुवायचं. तिकडे जमात संपते, पण याचा वुजू संपत नाही. अशी माणसं आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. आपल्या घरात त्याला वहम किंवा वसवसा म्हणतात, शेजारच्या घरात मंत्रचळ, आणि डॉक्टर ओसीडी.

अंजूरला आमच्या वर्गात अशी एक मुलगी होती. सुट्टीची घंटा झाली की ती नळापाशी, तास सुरू झाला तरी नळापाशी. बोटांची कातडी फुटलेली. घरच्यांनी दोन वर्षं दम, तावीज सगळं केलं. आणि आम्ही? नमाजची पाबंदी कर, दिल मजबूत ठेव, एवढंच सांगत राहिलो. बीएडला बालमानसशास्त्राचा पेपर होता, चांगले मार्कही पडले होते. तरी समोरचा आजार ओळखता आला नाही. नंतर वाचायला लागलो तेव्हा एक नाव हाती लागलं, आणि ते आपल्याच घरातलं निघालं.

अहमद बिन सहल, म्हणजे अबू झैद अल-बल्खी. जन्म सुमारे इ.स. ८५० चा, बल्खजवळच्या शामिस्तियान नावाच्या खेड्यात. बल्ख आज अफगाणिस्तानात आहे. मौलाना रूमींमुळे हे नाव आपल्याला ठाऊक असतं, पण अबू झैद हे रूमींच्या साडेतीनशे वर्षं आधीचे. वडील मुलांना शिकवायचे, मास्तरच म्हणा ना. (आम्हाला हे वाचून उगाचच बरं वाटलं.) मुलगा तरुणपणी हाजींच्या काफिल्याबरोबर पायी निघाला आणि इराकला पोचला. तिथे आठेक वर्षं राहिला. फिलॉसॉफर म्हणून ज्यांचं नाव सगळीकडे होतं त्या अल-किंदींची शागिर्दी केली. फलसफा, तिब्ब, फलकियात आणि दीनचा इल्म, सगळं शिकून मग गावाकडे परतला.

बल्खला त्या वेळच्या हाकिमाने त्यांना वजिरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि कातिबाची, म्हणजे लिहिण्याची नोकरी घेतली. हाकिमाच्या मेहरबानीने चार पैसे जमले, तशी आपल्या गावाकडे जमीन घेतली. पुढे बुखाऱ्याच्या दरबारातूनही बोलावणं आलं, पण वाटेत आमू दर्या होता. त्या खवळत्या नदीच्या भीतीने ते गेलेच नाहीत, असं त्यांच्या चरित्रात येतं. भीतीवर इलाज लिहिणाऱ्या माणसाला नदीची भीती वाटावी, यात आम्हाला काही विसंगत वाटत नाही. अशा माणसालाच दुसऱ्याची भीती कळत असेल.

भूगोलात त्यांचं नाव मोठं आहे. इस्तख्री, इब्न हौकल, मुकद्दसी यांच्या नकाशांच्या परंपरेला आजही बल्खी परंपरा म्हणतात. लिहिलेल्या पुस्तकांपैकी बहुतेक हरवली. ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ मात्र वाचलं. शरीर आणि नफ्स, दोघांची तंदुरुस्ती असा त्याचा अर्थ. पहिला भाग शरीराचा आणि दुसरा मनाचा. हकीम लोक मनाच्या आजाराकडे बघतच नाहीत, ही त्यांची तक्रार. शरीराच्या काही दुखण्यांतून माणूस आयुष्यभर सुटू शकतो, पण मनाच्या दुखण्यातून कुणीच पूर्ण सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मनाच्या भागाचा आठवा बाब वसवशावर आहे. नको असलेला विचार येतो, हटवला तरी हटत नाही, कामात आणि माणसांत लक्ष लागू देत नाही, आणि ज्याची धास्ती आहे ते आत्ताच घडणार असं वाटत राहतं. कुणी हे शैतानाकडून येतं म्हणत, कुणी शरीरातल्या पित्ताच्या बिघाडातून. दोन्ही मतं नोंदवून ते इलाजाकडे वळतात. एकटं राहू नका. रिकामे बसू नका. जी भीती आजूबाजूच्या कुणालाच वाटत नाही ती आजारातून आलेली आहे हे ओळखा. आणि मन शांत असेल तेव्हाच या विचारांना उत्तर देणारे विचार तयार करून ठेवा, जसं घरात दवा आधीच आणून ठेवतो. भीतीच्या बाबमध्ये त्यांनी आणखी एक सांगितलंय. ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ थोडंथोडं, पुन्हापुन्हा जा, म्हणजे सवय होऊन भीती उतरते.

दीनचा आलिम असलेल्या माणसाने वसवशाला तिब्बच्या किताबात जागा दिली. रुग्णाच्या ईमानाचा हिशेब मांडत बसले नाहीत. इ.स. ९३४ मध्ये त्यांचा इंतेकाल झाला. किताबाच्या हस्तलिखित प्रती इस्तंबूलच्या ग्रंथालयात पडून राहिल्या. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी मनाच्या भागाचा इंग्रजी तर्जुमा केला, तो २०१३ साली छापून आला. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी हा बाब आजच्या डॉक्टरांच्या निकषांशी ताडून पाहिला आणि बराच जुळलेला आढळला.

सगळंच जुळतं असं मात्र नाही. हात धुण्यासारख्या परतपरतच्या कृतींवर त्यांनी फारसं लिहिलेलं नाही. आजचा मुख्य इलाज तिथेच आहे. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये लंडनमध्ये दोन रुग्णांवर दाखवला तो असा: ज्याची धास्ती आहे त्याला हात लावायचा आणि मग धुवायचं नाही. घाबरं होतं, पण थोड्या वेळाने आपोआप उतरतं. जोडीला मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी औषधं असतात. त्यांचा असर दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बरेच लोक पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या सोडतात, तिथेच फसतं. घरच्यांनी ‘धुतलं गेलंय, झालं’ असं दर वेळी सांगत राहणंही थांबवावं लागतं. त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि आजार वाढतो. फिकहमध्येही नुसत्या शंकेने वुजू तुटत नाही, आणि अवयव धुणं तीन वेळांपुरतंच आहे.

अंजूर फाट्यावरून कशेळीचा पूल ओलांडला की ठाणं. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. नाव ऐकून लोक दचकतात, पण ओपीडीत दाखवून संध्याकाळी घरी येता येतं. जाणं जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

त्या मुलीच्या अब्बांनी शेवटी लूमवरून एक दिवसाची सुट्टी घेतली आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. जाताना आम्हाला एवढंच विचारलं, मोहल्ल्यात कळलं तर काय सांगायचं. आम्ही त्यांना बल्खींची गोष्ट सांगितली.