कडोळीचे नानाजी आणि काँग्रेसमधील नाराजांचे राजकारण

हिंगोली जिल्ह्यातील कडोळी हे गाव महाराष्ट्राच्या राजकीय नकाशावर फारसे ठळक नाही. मात्र उत्तर प्रदेशात काँग्रेसची सलग वीस वर्षांची सत्ता १९६७ साली खालसा झाली, तेव्हा त्यामागे ज्यांची जुळवाजुळव होती ते चंडिकादास अमृतराव देशमुख, म्हणजेच नानाजी देशमुख, याच गावचे. त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९१६ रोजी झाला. कडोळी त्या वेळी निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात होते.

आई-वडिलांचे छत्र लवकर हरपले, मामांनी सांभाळ केला. शिक्षणाच्या खर्चासाठी त्यांनी भाजी विकल्याचे सांगितले जाते. पुढे राजस्थानात सीकर आणि पिलानी येथे शिक्षण झाले. १९४० मध्ये डॉ. हेडगेवार यांच्या निधनानंतर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक म्हणून ते आग्रा आणि नंतर गोरखपूरला गेले. जवळ पैसा नाही, ओळखपाळख नाही, अशा अवस्थेत त्यांना आसरा मिळाला तो बाबा राघवदास यांच्या आश्रमात आणि त्या बदल्यात ते तेथे स्वयंपाक करीत. बाबा मूळचे पुण्याचे आणि राजकारणाने काँग्रेसचे. दुसऱ्या पक्षाच्या माणसाच्या घरात वावरण्याचा नानाजींचा धडा येथूनच सुरू झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९५१ मध्ये भारतीय जनसंघाची स्थापना झाली आणि उत्तर प्रदेशातील संघटनेची जबाबदारी नानाजींवर आली. पहिल्या विधानसभा निवडणुकीत पक्षाला अवघ्या २ जागा मिळाल्या. १९५७ मध्ये १७, १९६२ मध्ये ४९ आणि १९६७ मध्ये ९८ असा आकडा चढत गेला. या वाढीचे श्रेय केवळ धार्मिक भावनेला देणे अपुरे ठरेल. काँग्रेसला वर्षानुवर्षे मत देणारा एक मोठा वर्ग तिच्या आर्थिक धोरणांवर नाराज होत चालला होता. बाजारपेठेतील दुकानदार, सराफ, स्वतःची जमीन कसणारा मध्यम शेतकरी हे सारे हात राखून खर्च करणारे, कर्जाला भिणारे आणि सरकारी खर्चाकडे संशयाने पाहणारे लोक होते. जानेवारी १९५९ मधील काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला, तेव्हा आपली जमीन जाणार या भीतीने शेतकरी बिथरला. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण आदेशाने सराफ आणि सोनार दुखावले गेले.

हा मतदार आपणहून जनसंघाकडे येणार नव्हता. घराण्याची निष्ठा, स्वातंत्र्यलढ्याची आठवण आणि स्थानिक पुढाऱ्याशी असलेले संबंध त्याला काँग्रेसशी बांधून ठेवीत. म्हणून नानाजींनी मतदाराआधी त्याच्या पुढाऱ्याचे दार ठोठावले. नाराज माणसाला आपला पक्ष सोड असे सांगण्याऐवजी त्याच्याशी स्नेह जोडायचा आणि वेळ आली की मानाची जागा त्यालाच द्यायची, ही त्यांची रीत होती. १९६३ च्या पोटनिवडणुकांत फर्रुखाबादहून डॉ. राममनोहर लोहिया आणि अमरोह्याहून आचार्य कृपलानी निवडून आले. दोघेही एकेकाळचे काँग्रेसजन. लोहिया तर पक्के समाजवादी होते, तरीही नानाजींचा त्यांच्याशी दृढ संबंध जुळला.

खरी कसोटी लागली ती चौधरी चरणसिंह यांच्या बाबतीत. सहकारी शेतीला त्यांनी काँग्रेसमध्ये राहूनच कडाडून विरोध केला होता. १९६२ मध्ये चंद्रभानू गुप्ता सरकारने जमिनीवरील कर वाढविण्याचा घाट घातला, तेव्हा मंत्री असूनही ते आडवे आले. १९६७ च्या निवडणुकीत ४२५ पैकी १९९ जागा मिळवून काँग्रेसने कसेबसे सरकार बनविले. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच चरणसिंह मोजक्या आमदारांसह बाहेर पडले आणि ३ एप्रिल रोजी संयुक्त विधायक दलाचे मुख्यमंत्री झाले. विरोधकांतील सर्वांत मोठा पक्ष असूनही जनसंघाने मुख्यमंत्रिपदाचा हट्ट धरला नाही. या जुळवाजुळवीत नानाजींचा वाटा मोठा होता.

पण नाराजांची मोट बांधणे वेगळे आणि ती टिकविणे वेगळे. त्या सरकारात जनसंघ आणि कम्युनिस्ट एकाच मंत्रिमंडळात बसत होते. समाजवाद्यांना लहान शेतकऱ्यांचा सारा माफ हवा होता, तर चरणसिंहांना तिजोरीची चिंता होती. वर्ष पुरे होण्याआधीच सरकार गडगडले. १९७१ मध्ये संघटना काँग्रेस, स्वतंत्र पक्ष, जनसंघ आणि संयुक्त समाजवादी यांच्या बड्या आघाडीला इंदिरा गांधी यांनी धूळ चारली. त्यांच्या काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या, जनसंघ २२ वर आणि स्वतंत्र पक्ष ८ वर अडकला. केवळ काटकसरीच्या अर्थकारणावर गरीब देशात मते मिळत नाहीत, हे त्या निकालाने दाखवून दिले.

पुढे जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाने विरोधकांना ती नैतिक धार मिळवून दिली. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी पाटण्यात जयप्रकाशांवर येणारे लाठीचे वार नानाजींनी स्वतःच्या अंगावर झेलले. १९६९ मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या वेळी अर्थखाते काढून घेतले गेलेले मोरारजी देसाई, स्वतंत्र पक्षाला सामावून घेणाऱ्या भारतीय लोकदलाचे चरणसिंह आणि समाजवादी अखेर जनता पक्षात एकत्र आले. १९७७ मध्ये उत्तर प्रदेशातील लोकसभेच्या सर्व ८५ जागा या पक्षाने जिंकल्या. बलरामपूरमधून नानाजीही विजयी झाले. देऊ केलेले मंत्रिपद त्यांनी नाकारले.

साठी ओलांडलेल्यांनी सत्तेपासून दूर व्हावे, अशी भूमिका त्यांनी मांडली आणि निवडणुकीचे राजकारण सोडून स्वतः ती आचरली. सहकाऱ्यांनी तिचे अनुकरण केले नाही. जुलै १९७९ मध्ये मोरारजी आणि चरणसिंह यांच्या भांडणात सरकार कोसळले. ज्या दोघांना एकत्र आणण्यासाठी वर्षे खर्ची घातली, त्यांचा हा शेवट पाहून नानाजींना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

नंतरचे आयुष्य गोंडा आणि चित्रकूट येथील ग्रामविकासाला वाहिले गेले. १९९९ मध्ये पद्मविभूषण आणि राज्यसभेचे नियुक्त सदस्यत्व मिळाले. त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला होता. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूट येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह वैद्यकीय अभ्यासासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आला. २०१९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.