जिमी होगन : साधा खेळाडू, मोठा गुरू

जिमी होगन यांचा जन्म १८८२ साली इंग्लंडमधील नेल्सन या गिरण्यांच्या गावी झाला. बर्नली, फुलहॅम, बोल्टन अशा संघांतून ते फुटबॉल खेळले. पण देशाच्या संघात कधी निवड झाली नाही.

त्या काळी तिथे सरावात खेळाडूंना नुसतं पळवायचे, चेंडू फारसा द्यायचेच नाहीत. होगन यांना हे पटेना. चेंडू अडवणं, पास देणं हे शिकवता येतं, असं त्यांचं मत होतं.

१९१० मध्ये ते हॉलंडला गेले, पुढे व्हिएन्नाला. १९१४ च्या महायुद्धात शत्रुदेशाचा माणूस म्हणून त्यांना अटक झाली. तरीही युद्धकाळातच बुडापेस्टच्या एमटीके क्लबात त्यांनी तरुण पोरं घडवली.

२५ नोव्हेंबर १९५३ ला हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं हरवलं. हंगेरीच्या फुटबॉलप्रमुखांनी श्रेय होगन यांना दिलं. मायदेशाने न घेतलेली विद्या अशी परत आली! १९७४ मध्ये होगन वारले.

शिक्षक-पालकहो, आपल्या आगरदांड्यातल्या मुलांनाही नुसत्या फेऱ्या मारायला लावू नका. आधी चेंडू पायाशी द्या आणि तो कसा खेळवायचा ते शिकवा.