डॉ. इरावतीबाई कर्वे व जर्मन प्रजासत्ताकाचा अंत

पुण्याच्या डॉ. इरावतीबाई कर्वे ह्यांचे नाव आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. महाभारतावरील त्यांचे ‘युगान्त’ हे पुस्तक शाळा-कॉलेजांतून वाचले जाते, आणि पंढरीच्या वारीविषयी त्यांनी लिहिलेला लेखही अनेकांस ठाऊक आहे. परंतु तरुणपणी त्या जर्मनीत कोणत्या काळी गेल्या, तेथे त्यांस कोणते काम सोपविण्यात आले व त्यांनी ते कसे केले, हे थोड्यांसच माहीत आहे. विद्येत जे राष्ट्र जगात अग्रगण्य मानले जाई, ते पुढे पंधरा वर्षांच्या आत धुळीस मिळाले. त्याच्या राजधानीत बाई सुमारे दोन वर्षे राहिल्या. म्हणून त्यांचे चरित्र सांगताना त्या देशाची हकीकतही सांगणे प्राप्त आहे.

बाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात मिंज्यान येथे झाला. त्यांचे वडील गणेश हरि करमरकर हे तेथे कापसाच्या एका कंपनीत इंजिनियर होते. त्या देशातील मोठ्या नदीवरून मुलीचे नाव इरावती ठेवण्यात आले. सातव्या वर्षी तिला शिक्षणाकरिता पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत पाठविले. पुढे रँग्लर परांजपे ह्यांच्या घरी ती त्यांच्या मुलीबरोबर, घरच्याच मुलीप्रमाणे वाढली. फर्ग्युसन कॉलेजात तत्त्वज्ञान हा विषय घेऊन १९२६ साली त्या पदवीधर झाल्या, आणि १९२८ साली मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये ह्यांच्या हाताखाली एम. ए. झाल्या.

महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांचे चिरंजीव दिनकरराव ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. दिनकररावांनी रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण जर्मनीतच घेतले होते. आपल्या पत्नीनेही तेथे जाऊन शिकावे, असा त्यांचा आग्रह पडला. महर्षींस ही गोष्ट पसंत नव्हती. ज्या पुरुषाने विधवांच्या व मुलींच्या शिक्षणासाठी सारे आयुष्य वेचले, लोकांचा बहिष्कार सोसला, त्यानेच आपल्या सुनेच्या वाटेत आडवे यावे, हे नवल खरे. पण चांगल्या माणसांच्या घरीही असे घडते. तेव्हा डॉ. जीवराज मेहता ह्यांजकडून कर्जाऊ रक्कम घेऊन नोव्हेंबर १९२८ च्या सुमारास बाई बर्लिन शहरी आल्या.

त्या वेळी जर्मनीत राजा नव्हता. १९१४ पासूनच्या महायुद्धात पराभव होताच तेथील कैसर पळून गेला व ९ नोव्हेंबर १९१८ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. वायमार नावाच्या गावी १९१९ साली नवे संविधान तयार करण्यात आले. ते उदार होते. स्त्रियांस मत होते, छापखान्यास व धर्मास स्वातंत्र्य होते. परंतु जन्मतःच त्या राज्याच्या माथी दोन ओझी बसली. व्हर्सायच्या तहाने मोठा प्रदेश गेला व जबर दंड भरावा लागला. आणि ज्या सेनापतींनी लढाई गमावली तेच लोकांस सांगत सुटले की आम्ही हरलो नाही, घरच्या पुढाऱ्यांनी व यहूद्यांनी पाठीत खंजीर खुपसला. हे धादांत खोटे होते, परंतु अपमानित मनाला ते गोड लागले. १९२३ साली तर नाणे इतके कोसळले की नोव्हेंबरात एका अमेरिकन डॉलरास ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले. जन्मभर काटकसरीने साठवलेली पुंजी पावाच्या एका तुकड्यालाही पुरेना. ज्यांची अशी लूट झाली, त्या मध्यम स्थितीतील कुटुंबांनी प्रजासत्ताकास कधी क्षमा केली नाही.

तथापि बाई पोहोचल्या तेव्हा वरवर पाहता सर्व सुरळीत दिसत होते. मे १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या नाझी पक्षास शंभरांत तीन मतेही पडली नव्हती. पार्लमेंटात त्याचे अवघे १२ सभासद होते. बर्लिनमध्ये नाटकगृहे, विद्यापीठे व कारखाने गजबजलेले होते. आइन्स्टाइन त्याच शहरी राहत होते.

शहराच्या दाहलेम ह्या भागात कैसर विल्हेल्म ह्यांच्या नावाची एक संस्था १९२७ साली उघडली होती. मानववंश, आनुवंशिकता व ‘सुप्रजनन’ हे तिचे विषय. तिचे मुख्य प्रोफेसर ऑयगेन फिशर हे जगप्रसिद्ध होते. १९०८ साली ते आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत गेले होते. गोरे बाप व आफ्रिकी माता ह्यांच्या संततीची मोजमापे घेऊन, अशा मिश्रणाने गोऱ्या वंशाची हानी होते, असे मत त्यांनी १९१३ साली छापले होते. इरावतीबाई ह्याच फिशरांच्या शिष्या झाल्या.

फिशरांनी बाईंस जो विषय दिला तो असा. मनुष्याच्या कवटीच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या नसतात. युरोपातील गोऱ्या लोकांच्या कवटीत कपाळाकडील उजव्या भागास अधिक जागा असते, आणि म्हणून त्यांची विचारशक्ती इतर वंशांहून श्रेष्ठ असते, असा प्रोफेसरांचा तर्क होता. तो बाईंनी मोजमापाने सिद्ध करावयाचा होता. संस्थेत कवट्यांचा मोठा संग्रह होता. त्यांत वसाहतींतून, म्हणजे ज्यांना कोणी विचारले नाही व ज्यांच्या आप्तांना कोणी सांगितले नाही अशा माणसांच्या, आणलेल्या कवट्याही होत्या. बाईंनी १४९ कवट्या घेतल्या व एकेकीची मापे टिपली.

वाचकहो, ह्या ठिकाणी क्षणभर थांबून त्या विद्यार्थिनीची स्थिती पाहावी. वय तेवीस-चोवीस. देश परका, भाषा परकी. खर्च कर्जाच्या पैशातून चाललेला. घरी सासऱ्यांची नाराजी पत्करून आलेली. ज्याच्या सहीवाचून पदवी मिळणार नाही तो गुरू जगप्रसिद्ध, आणि त्याला कोणते उत्तर हवे आहे हे तिला ठाऊक. शिवाय तो तर्क खरा ठरला तर ती स्वतः व तिचे सर्व देशबांधव उण्या वंशाचे ठरणार. दुसरी एक गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. ती चित्पावन कुळातील होती. आपल्या देशात जन्मावरून उच्च मानले जाण्याचा मान तिला आयता मिळाला होता. तो मान येथे कवड्यांच्याही मोलाचा नव्हता. बर्लिनमधील मोजपट्टीपुढे पुण्याची ब्राह्मण मुलगी व मेहरूणच्या शिवारात मोलमजुरी करणारी बाई ह्या दोघी एकाच, खालच्या, रांगेत उभ्या होत्या.

बाईंनी मापे जशी आली तशी लिहिली. कवटीचा असमतोल सर्वच मानवांत आढळतो. त्याचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. असा निर्णय त्यांनी प्रबंधात नमूद केला. फिशरांना तो रुचला नाही, असे बाईंचे चरित्रकार सांगतात. त्यांनी प्रबंध नाकारला नाही, परंतु उत्तीर्ण होण्यापुरती जी सर्वांत खालची श्रेणी असते ती दिली. १९३० साली डॉक्टरेट घेऊन बाई स्वदेशी परतल्या. मेहरूणचे बोर गोड की आंबट हे त्याची आठोळी मोजून कोणी ठरवीत नाही, हे आपल्याकडील लहान मूलही जाणते. परंतु ती गोष्ट बर्लिनच्या विद्वानांपुढे आकडे मांडून सांगण्यास मोठे धैर्य लागले असले पाहिजे.

बाई परतल्या त्याच साली जर्मन प्रजासत्ताकाचा पाया खचू लागला. ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला व मंदी जगभर पसरली. आपल्या खानदेशात कापसाचा भाव पडला तो ह्याच मंदीत. जर्मनीत १९३२ च्या आरंभी बेकारांची संख्या ६० लाखांवर गेली. पार्लमेंटात पक्षांचे जमेना. संविधानाच्या ४८ व्या कलमाने राष्ट्राध्यक्षास संकटकाळी स्वतःच्या सहीने फर्मान काढण्याचा अधिकार होता. पार्लमेंटास ते रद्द करता येत असे. परंतु जुलै १९३० मध्ये पार्लमेंटाने एक फर्मान रद्द करताच वृद्ध अध्यक्ष हिंडेनबुर्ग ह्यांनी पार्लमेंटच बरखास्त केले. सप्टेंबरात निवडणूक झाली, तीत नाझींचे १२ चे १०७ झाले. जुलै १९३२ मध्ये २३०. तेव्हापासून कारभार फर्मानांवरच चालला. हुकूमशहा येण्यापूर्वीच लोकांस हुकमाची सवय लागली होती, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

आणखी एक गैरसमज आहे. हिटलरला साऱ्या जर्मनांनी बहुमताने गादीवर बसविले, असे पुष्कळ जण समजतात. वस्तुतः नोव्हेंबर १९३२ मध्ये त्याच्या जागा घटून १९६ वर आल्या होत्या. त्याला आत घेतले ते जमीनदार, सेनापती व जुन्या राजकारण्यांच्या एका टोळक्याने. ह्या माणसाची गर्दी आपल्या कामी येईल आणि मंत्रिमंडळात आपले लोक अधिक असल्याने तो आपल्या मुठीत राहील, असा त्यांचा हिशेब होता. ३० जानेवारी १९३३ रोजी तो चान्सलर झाला. २७ फेब्रुवारीस पार्लमेंटाची इमारत जळाली. दुसऱ्याच दिवशी फर्मान निघून नागरिकांचे हक्क गेले व धरपकड सुरू झाली. २३ मार्चला, दाराशी नाझी शिपाई उभे असताना, कायदे करण्याचा सर्व अधिकार मंत्रिमंडळास देण्याचा ठराव ४४४ विरुद्ध ९४ मतांनी पास झाला. विरोधी मते समाजवादी पक्षाची होती. कम्युनिस्ट सभासद तुरुंगात किंवा फरारी होते. पुढील वर्षी हिंडेनबुर्ग मरण पावले, व दोन्ही पदे हिटलरने स्वतःकडे घेतली.

आता दाहलेमची मोजपट्टी कायद्याच्या हाती आली. १९३३ साली फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. ज्यांस रोगी, वेडे किंवा निकृष्ट ठरवावे त्यांस बळाने निर्वंश करण्याचा कायदा त्याच जुलैत झाला. त्याखाली सुमारे ४ लाख माणसांवर शस्त्रक्रिया करण्यात आल्या. १९३७ साली र्‍हाइन प्रांतातील, आफ्रिकी शिपायांपासून झालेली सुमारे ४०० मुले गुप्तपणे पकडून त्यांच्यावरही हाच प्रयोग झाला, आणि त्या कामी संस्थेतील तज्ज्ञांनी अभिप्राय दिले. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी यहूद्यांचे नागरिकत्व काढून घेतले. ज्याच्या आजी-आजोबांपैकी तिघे यहूदी, तो यहूदी, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्याचा बाप पाळक का असेना. आपल्या मंडळ्यांतील ज्या बंधुभगिनींना, तुम्ही पूर्वी कोण होता, हा प्रश्न अद्यापि ऐकावा लागतो, त्यांना ह्या कायद्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. जर्मनीतील अनेक मंडळ्यांनी, खेदाची गोष्ट अशी की, हा नियम उत्सुकतेने स्वीकारला आणि यहूदी रक्ताच्या पाळकांस दूर केले. त्याविरुद्ध मार्टिन नीमोलर ह्या पाळकाने १९३३ साली संघ उभारला. हा मनुष्य प्रारंभी हिटलरच्या बाजूचा होता. पुढे १९३७ पासून युद्ध संपेपर्यंत बंदिवासात राहिला.

आपल्याकडे ह्या गोष्टींची वार्ता येत नव्हती असे नाही. डिसेंबर १९३६ मध्ये ह्याच जळगाव भागात, फैजपूर येथे काँग्रेस भरली, तेव्हा अध्यक्ष जवाहरलाल नेहरू ह्यांनी युरोपातील फॅसिझमच्या संकटाविषयी खेड्यातील श्रोत्यांसमोर भाषण केले होते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडावर स्वारी केली. पुढील सहा वर्षांत ६० लाख यहूदी स्त्रीपुरुष व मुले मारली गेली. फिशर १९४२ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या फॉन फेरशुअरांकडे आउशवित्सच्या छावणीतून मारलेल्या माणसांचे अवयव तपासणीस येत. ३० एप्रिल १९४५ रोजी हिटलरने आत्महत्या केली, ८ मे रोजी जर्मनी शरण आली. बाईंनी पाहिलेले बर्लिन दगडविटांचा ढीग होऊन पडले होते. फिशरांना मात्र कोणी शिक्षा केली नाही. ते १९६७ पर्यंत जगले.

इकडे बाईंनी काही वर्षे महिला विद्यापीठाचे काम पाहिले व १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र शिकविले. येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. बर्लिनमध्ये शिकलेले मापनाचे तंत्र त्यांनी टाकून दिले नाही. महाराष्ट्रातील नाना जातींच्या माणसांची डोकी, नाके व उंची त्यांनी वर्षानुवर्षे मोजली. १९५१ साली वि. म. दांडेकर ह्यांच्यासह त्याचे पुस्तकही काढले. जातवार मोजमाप करणे हेच मुळी त्या जुन्या विद्येचे अवशेष होते, असे आजचे काही विद्वान म्हणतात, व ते म्हणणे निराधार नाही. परंतु त्या मापांवरून कोणी श्रेष्ठ व कोणी हीन असे बाईंनी ठरविले नाही. कुंभार म्हणून एकच नाव असलेल्या लोकांतही परस्परांशी बेटीव्यवहार न करणारे निरनिराळे समूह आहेत, ही गोष्ट त्यांनी गावोगाव फिरून दाखविली. आपल्या धुळे-नंदुरबारकडील, म्हणजे त्या वेळच्या पश्चिम खानदेशातील, भिल्लांची पाहणी करून त्यांनी १९६१ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात माणसे कशी राहतात, काय खातात, कोणाचे कर्ज डोक्यावर आहे, ह्याचा विचार आहे. कोयना धरणाने उठलेल्या लोकांची पाहणीही त्यांनी केली.

‘युगान्त’ १९६७ साली निघाले व पुढील वर्षी त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ११ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, बाई निवर्तल्या. त्यांच्या बर्लिनच्या प्रबंधाची हकीकत मराठी वाचकांस बहुधा अपरिचितच होती. २०२४ साली त्यांच्या नातीने एका संशोधकाच्या साहाय्याने त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले, तेव्हा त्या १४९ कवट्यांची गोष्ट सर्वांपुढे आली.