बेघरांचे गाडगेबाबा

मुलांनो, परगावी रात्री राहायला जागा मिळाली नाही, तर तुम्ही काय कराल? पूर्वी पंढरपूरच्या यात्रेत अनेक गरीब माणसे उघड्यावरच झोपत. गाडगेबाबांना हे पाहवले नाही.

त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे नाव डेबूजी. १९०५ साली त्यांनी घर सोडले. खराटा आणि मातीचे गाडगे, एवढेच त्यांचे सामान! दिवसा ते गाव झाडत. रात्री कीर्तन करीत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. धर्मशाळा म्हणजे मुसाफिरखाना. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या संस्थेला दिली. स्वतःसाठी मात्र घर बांधले नाही. १९५६ साली त्यांचे निधन झाले.

थंडीत कोणी रस्त्यावर झोपलेला दिसला, तर तुम्हीही वडीलधाऱ्यांना सांगून त्याला पांघरूण द्या. निवाऱ्याची जागा दाखवा.