बंदूकवाल्याचा मुलगा

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म १८५५ साली अमेरिकेतील ऑग्डेन येथे झाला. वडील बंदुका घडवीत व दुरुस्त करीत. त्यांचे दुकान हीच मुलाची खरी शाळा. पुढे खिशात मावणारी पिस्तुलेही त्यांनी घडविली. अशा पिस्तुलाचे जुने दुखणे एकच: स्प्रिंग कमजोर झाली, मॅगझिनचे तोंड वाकले किंवा मळ साचला, की काडतूस नळीत चढताना अडकते. १९११ च्या लष्करी चाचणीत मात्र त्यांच्या मोठ्या पिस्तुलाने ६००० गोळ्या न अडकता झाडल्या. १९२६ साली बेल्जियममधील कारखान्यात, नव्या पिस्तुलाचे काम चालू असतानाच त्यांचे निधन झाले.

हत्यारांची मला आवड नाही. पण माझे वडील लोहार आहेत. प्रवेश-अर्जावर त्यांचा धंदा लिहिताना माझी लेखणी अडली होती. यापुढे ती अडणार नाही.