वसंतदादा, कृष्णा आणि जिवाणू

वसंतदादा पाटील हे नाव आपल्या हॉस्टेलवर कोणाला ठाऊक नाही? पण दादांच्या कामाचा जिवाणूंशी संबंध आहे असं म्हटलं की मुलं हसतात. मला तो संबंध दिसतो, म्हणून हा लेख.

दादांचा जन्म 13 नोव्हेंबर 1917 चा. गाव सांगलीजवळचं पद्माळे. आई-वडील लहानपणीच गेले, आजीने वाढवलं. शाळा फारशी झाली नाही. स्वातंत्र्यलढ्यात पकडले गेले आणि 24 जुलै 1943 ला साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून कृष्णेकडे धावले. गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव हुतात्मा झाले. दादांनाही गोळी लागली.

स्वातंत्र्यानंतर सांगली काही वर्षं दक्षिण सातारा जिल्ह्यात होती. तिथल्या शेतकऱ्यांना जमवून दादांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढे सातारा-सांगलीत बरेच कारखाने झाले. घराघरांत पैसा आला, पण सांडपाणीही आलं.

मळीपासून अल्कोहोल यीस्ट बनवतं, म्हणजे एक बुरशीच. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण दहा-बारा लिटर तपकिरी स्पेंटवॉश उरतो. त्याचा बीओडी लिटरला 40,000 मिलिग्रॅमच्याही वर जातो. घरगुती सांडपाण्याचा काहीशेच असतो. तो नदीत गेला तर जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि खाता खाता पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मासे गुदमरून मरतात.

गंमत अशी की उपायही सूक्ष्मजीवच करतात. बंद टाकीत, ऑक्सिजनशिवाय, एक गट स्पेंटवॉशचं आम्ल करतो, दुसरा त्या आम्लाचा मिथेन. तो गॅस बॉयलरला जळणासाठी चालतो. उरलेलं पाणी प्रेसमडवर शिंपडलं की जिवाणू आणि बुरशी मिळून त्याचं खत करतात. तपकिरी रंग मात्र सहज जात नाही. लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशीने प्रयोगशाळेत तो कमी होतो, पण कारखान्याच्या मापावर ते अजून अवघड आहे.

1975 साली कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी पुण्याजवळ मांजरीला संशोधन संस्था काढली. आज तिला दादांचं नाव आहे आणि तिथे सांडपाण्यावरही काम चालतं. 1983 साली मुख्यमंत्री असताना दादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. स्वतः न शिकलेल्या माणसाने आमच्यासारख्या हजारो पोरांना इंजिनिअर केलं. 1 मार्च 1989 ला ते गेले.

कारखाने दादांनी दिले, इंजिनिअरही त्यांनीच दिले. ज्या कृष्णेकडे ते जीव घेऊन धावले, ती स्वच्छ ठेवायचं काम मला वाटतं आता आपलं आहे.